पोसलथ्वेटचा तो चेहरा कुठून आला

इन्सेप्शनमधला तो मरणाला टेकलेला म्हातारा आठवतोय का, किलियन मर्फीचा बाप? पलंगावर पडलाय, आवाज जेमतेम फुटतोय, दोन-तीन वाक्यं बोलतो आणि तेवढ्यात पोराच्या आयुष्याची गाठ सुटते. तो पीट पोसलथ्वेट, ब्रिटिश नट. हाडं वर आलेले गाल, चपटं नाक, एकदा बघितला की विसरायचा नाही. पण आपल्याकडे बहुतेकांना नाव सांगता येत नाही, आणि नावही असलं की सुरुवातीला त्याला आडनाव बदलायचा सल्ला मिळाला होता, पठ्ठ्याने बदललं नाही.

जन्म १९४६ चा, वॉरिंग्टनचा, म्हणजे लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं कामगारवस्तीचं गाव. आधी शिक्षकाचं ट्रेनिंग, मग मँचेस्टरला नाटक शिकवायची नोकरी, आणि मग ती सोडून ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत स्वतःच विद्यार्थी म्हणून दाखल.

खरा घडला तो लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात, सत्तरच्या दशकात. लंडनपासून लांब, जुन्या चॅपलच्या इमारतीतलं थिएटर, लोकल लेखक, गावातल्या माणसांची नाटकं, आणि कंपनीत कोण तर जोनाथन प्राइस, बिल नाय, ज्युली वॉल्टर्स. तेव्हा यातलं कुणीच मोठं नव्हतं. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीतही काम केलं, पण माझं मत विचाराल तर त्याच्यातला खरखरीतपणा एव्हरीमनचाच.

सिनेमात मात्र उशीर झाला. १९८८ मध्ये टेरेन्स डेव्हिसच्या सिनेमात घरच्यांना मारझोड करणारा बाप केला, बघवत नाही इतका खरा. मग १९९३ ला 'इन द नेम ऑफ द फादर', डॅनियल डे-लुईस पोरगा आणि हा बाप, दोघंही न केलेल्या गुन्ह्यासाठी एकाच तुरुंगात, आणि त्यासाठी ऑस्कर नॉमिनेशन आलं तेव्हा हा ४८ वर्षांचा. बक्षीस टॉमी ली जोन्सला गेलं.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे 'ब्रास्ड ऑफ', १९९६. कोळशाची खाण बंद पडणार, आणि हा खाणकामगारांच्या बँडचा मास्तर, छातीत कोळशाची धूळ साठलेली. तो हॉस्पिटलात, आणि बाहेर अंधारात हेल्मेटवरचे दिवे लावून बँडवाले त्याच्यासाठी वाजवतायत, तो सीन बघून डोळे कोरडे राहिले तर मला सांगा.

पुढच्याच वर्षी ज्युरासिक पार्कच्या दुसऱ्या भागातला शिकारी. स्पीलबर्ग म्हणे की हा जगातला बेस्ट अ‍ॅक्टर, तर पीटचं उत्तर असं की स्पीलबर्ग खरं तर एवढंच म्हणाला असणार की पीटला वाटतं आपणच जगातले बेस्ट!

आणि एवढं सगळं झाल्यावर २००८ ला, लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं त्या वर्षी, परत त्याच एव्हरीमनच्या स्टेजवर उभा राहिला, किंग लियर म्हणून. २ जानेवारी २०११ ला कॅन्सरने गेला. एव्हरीमनची ती जुनी इमारतही त्याच वर्षी बंद झाली, पाडून नवी बांधायला.