तुरटी, राणी आणि माझे बाईकचे ग्लोव्ह्ज

सोसायटीच्या ग्रुपवर परवा फॉरवर्ड आला, फ्रान्समध्ये एका राणीला विषारी सुगंधी हातमोजे भेट देऊन मारलं म्हणे. ही नाव्हारची राणी जान, साल १५७२. अफवा तेव्हाही जोरात होती, पण शवविच्छेदनात आजारच सापडला, विष नाही. आणि हातमोजे हुंगून माणूस मरत असता तर जुलैमधल्या माझ्या बाईकच्या ग्लोव्ह्जनी आमचं अख्खं घर संपवलं असतं.

सुगंध लावायचे ते वेगळ्याच कारणाने. कातडं कमवताना लघवी, कुत्र्याची विष्ठा असलं काय काय वापरायचे, त्याचा वास जाता जात नसे. फ्रान्समधलं ग्रास हे गाव आज अत्तरांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथला मूळ धंदा कातड्याचाच.

मला खरी गंमत वाटते ती या हातमोज्यांच्या कातड्याला चोळायच्या तुरटीची! हो, न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच. कातड्यातलं कोलॅजेन हे प्रथिन म्हणजे तिपेडी वेणी, तीन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या. कच्चं कातडं नुसतं वाळवलं की हे धागे एकमेकांना चिकटतात आणि पापड होतो. तुरटी, मीठ, पीठ आणि अंड्याचा बलक चोळला की तुरटीतलं ॲल्युमिनियम कोलॅजेनच्या कार्बॉक्सिल गटांना (त्या साखळ्यांवरच्या आम्लधर्मी टोकांना) जाऊन धरतं, बलकातली चरबी धाग्यांमध्ये शिरते, आणि करडाचं कातडं पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ होतं. पण ॲल्युमिनियमची पकड ढिली, पाणी लागलं की तुरटी धुऊन जाते आणि वाळल्यावर पुन्हा पापड. म्हणजे असला हातमोजा धुताच येत नाही, एकोणिसाव्या शतकातल्या बायका तो बेंझिनने, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवाने, पुसायच्या. आता विचार करा, सतराव्या शतकात त्याच्या लांब कफवर कलाबतू, मोती, टिकल्यांचं भरतकाम (बोटांवर नाही हं, बोटं वाकायला हवीत ना). ज्याच्या हाताला कधी पाणी लागत नाही त्यानेच घालायची वस्तू, आणि तोच तर त्यातला सगळा तोरा.

१८८४ मध्ये अमेरिकेत शुल्ट्झ नावाच्या माणसाने क्रोमियम या धातूच्या क्षारांनी कातडं कमवायचं पेटंट घेतलं. क्रोमियम एकदा चिकटलं की सहजी सुटत नाही, असं कातडं उकळत्या पाण्यालासुद्धा दाद देत नाही.

माझे ग्लोव्ह्ज याच जातीचे. गेल्या आठवड्यात तीन हात नाक्याला चिंब भिजले, पंख्याखाली वाळले, जरा चोळले की परत मऊ. वास मात्र तसाच, बायकोने शेवटी कपाटातलं अत्तर मारलं.