पानं लागली की लावली?

घरच्या पोकरमध्ये एकाच बैठकीत एकाच माणसाला दोनदा एक्क्यांची जोडी आली, की बाकीचे एकमेकांकडे बघायला लागतात. आधी हिशेब करू. हातात वाटलेली दोन्ही पानं एक्के असण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. सहा जण शंभर डाव खेळले, तर त्यांतल्या कोणाला तरी ते दोनदा किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता तीनांत एकापेक्षा थोडी जास्तच निघते. यात नवल नाही.

दुसरं कारण आळसाचं. पानं एकमेकांत गुंतवून पिसायची तर साधारण सात वेळा पिसावी लागतात, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२मध्ये दाखवलं. घरी आपण दोन-तीनदा वरवर हात फिरवतो आणि वाटायला घेतो. मागच्या डावातली पानं मग चिकटून राहतात. लबाडीचा वास येतो, पण लबाड कोणीच नसतं.

नशीब वाटणारा कोण आहे ते बघत नाही. लावलेली, म्हणजे मुद्दाम रचून ठेवलेली पानं बघतात. मोठे हात एकाच माणसाच्या वाटपात येत असतील, तर ते लक्षात ठेवा. नशीबवान हरतोही, एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीकडून पाचांत जवळपास एकदा मार खाते.

पाठीवरच्या गुप्त खुणांवरून पानं ओळखणारा मात्र वेगळा. त्याला पानं चांगली लागतच नाहीत, निर्णय चांगले लागतात. भक्कम हात तो नेमका वेळेवर सोडून देतो आणि फुटकळ जोडीवर तुमचा ब्लफ पकडतो. हे एकदा-दोनदा कसलेला खेळाडूही करतो, म्हणून इथे घाईने बोट दाखवणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. दोघांचं संगनमत ओळखायचं तर एकमेकांसमोर ते किती मवाळ होतात आणि तिसरा मध्ये सापडला की कसे आळीपाळीने रेझ करतात, म्हणजे बोली वाढवत नेतात, ते पाहा. नुसता मवाळपणा मैत्रीतूनही येतो. खेळाला तो तरीही मारकच.

आरोपाऐवजी सगळ्यांसाठी पद्धत बदला. कॅट मोजून ५२ पानं आहेत का बघा, शक्यतो नवा कॅट काढा. एकाने पिसायचं, दुसऱ्याने कापायचं, तिसऱ्याने वाटायचं. तळाचं पान दिसू नये म्हणून खाली एक कोरं कार्ड ठेवा. शेवटी पानं उघडायची वेळ आली, तर पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, घेणाऱ्याने दोन्ही पानं दाखवायची. यानंतर कोणाची पानं आटली, तरी तो पुरावा नव्हे. नशीबही आपणहून आटतं.

हातोहात पकडलात तर खेळ तिथेच थांबवा आणि ज्याच्या त्याच्या चिप्सचे पैसे परत करा. नुसता संशय उरला असेल, तर यजमानाशी बाजूला बोला. पैसे मागू नका, चारचौघांत विषय काढू नका. पुढच्या वेळी निरोप धाडायचा की नाही, ते यजमानाने ठरवायचं.