अविश्वासदर्शक प्रश्न (इंग्रजी)

ऐकलेली गोष्ट पटलेली नाही, हे सांगण्यासाठी इंग्रजीत रूढ झालेले प्रश्न. त्यांना उत्तराची अपेक्षा नसते; ‘सिन्स व्हेन?’ (कधीपासून?) असे विचारल्यावर कोणी खरेच तारीख सांगितली, तर ती आणखी एक थट्टा ठरते. नवव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार रुद्रटाने वक्रोक्तीचे, म्हणजे बोलण्याला वेगळाच अर्थ देणाऱ्या अलंकाराचे, श्लेषवक्रोक्ती (शब्दाच्या दुहेरी अर्थावरची) आणि काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार सांगितले. काकू म्हणजे आवाजाचा फिरवलेला सूर. चुलतीशी तिचा संबंध नाही. हे प्रश्न त्या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे. ‘रिअली?’ या एका शब्दात नवल, कंटाळा आणि ‘पुरे झाल्या थापा’ हे सगळे सुरावर मावते.

‘आर यू पुलिंग माय लेग?’ म्हणजे ‘फिरकी घेतोस का माझी?’. हा वाक्प्रयोग एकोणिसाव्या शतकातला. फाशी दिलेल्याचे हाल लवकर संपावेत म्हणून त्याचे पाय ओढत, त्यावरून तो आला अशी कथा फार सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही. त्याचे शब्दशः मराठी करू नये: आपल्याकडे पाय ओढतात ते वर चढणाऱ्याचे.

‘मी काय दूधखुळा वाटलो?’ या धाटणीचे प्रश्न प्रांतागणिक बदलतात. ‘मी काल जन्मलो का?’ हा सगळीकडे चालतो. ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडमध्ये ‘मी काय परवाच्या सरीबरोबर खाली पडलो?’ असे म्हणतात, तर ग्लासगोचा माणूस ‘मी क्लाइड नदीतून केळ्यांच्या बोटीवर बसून आलो का?’ असे विचारतो. चार पावसाळे जास्त पाहिल्याचे सांगणाऱ्या मराठी माणसाला यातली सर लगेच कळेल.

‘इज द पोप कॅथलिक?’ (पोप कॅथलिक आहे का?) मात्र या यादीत घालू नये. तो ‘हे काय विचारणे झाले? अर्थातच हो’ असे सांगतो.

व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत गमतीदार म्हणजे ‘हिम वेअर अ टाय?’ ही रचना. कर्ता ‘ही’ (he) ऐवजी ‘हिम’ (him) होतो आणि क्रियापदाचा काळच गळून पडतो. ‘मॅड’ या अमेरिकी विनोदी मासिकातल्या ‘व्हॉट, मी वरी?’ (What, me worry? म्हणजे ‘मी कशाला काळजी करू?’) या घोषवाक्यावरून भाषावैज्ञानिक अशा वाक्यांना ‘मॅड मॅगझीन वाक्ये’ म्हणतात. एड्रियन अकमाजियन यांनी 1984 मध्ये आणि क्नूड लाम्ब्रेख्त यांनी 1990 मध्ये त्यांवर लेख लिहिले. इंग्रजी इथे व्याकरण मोडते. मराठीला एक ‘आणि’ पुरतो: ‘तो आणि टाय घालणार?’