पाण्यात घटतं ते मेंदूत साठतं

विसरभोळेपणा वाढलेल्या आजोबांच्या पाठीतलं पाणी तपासलं आणि रिपोर्टात ‘अमायलॉइड बीटा ४२’ हे प्रथिन कमी असं आलं, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. रक्तातली साखर कमी आली तर बरं वाटतं, तसंच हेही असेल असा त्यांचा समज. पण हा आकडा उलटा वाचायचा असतो. तो कमी येणं ही अल्झायमरची खूण असू शकते.

आधी त्या पाण्याच्या भीतीबद्दल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ हे आजही ठामपणे सांगितलं जातं. तसं होत नाही, याचं कारण शरीररचनेत आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घालतात. तिथे द्रवात तरंगणारे मज्जातंतूंचे सुटे धागे असतात, ते सहसा सुईपुढून बाजूला सरकतात. जर्मन डॉक्टर हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणजे ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. मेंदू आणि कण्याभोवती हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि शरीर रोज ५०० मिलिलिटरच्या आसपास नवा तयार करतं. तपासणीला लागतात जेमतेम १० ते १५. ते तासाभरात भरून निघतात. काहींचं नंतर डोकं दुखतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आता मूळ कोडं: आकडा कमी का येतो? मेंदूतल्या मज्जापेशीच्या आवरणात एक लांबलचक प्रथिन रोवलेलं असतं. बीटा-सिक्रिटेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला एके ठिकाणी कापतं, मग गॅमा-सिक्रिटेज दुसरीकडे. मधला तुकडा सुटतो, तोच अमायलॉइड बीटा. गंमत अशी, की दुसरा काप दर वेळी त्याच जागी बसत नाही. बहुतेक तुकडे ४० अमिनो आम्लांचे निघतात, थोडे ४२ चे. फरक फक्त दोन कड्यांचा, पण त्या दोन्ही पाण्याशी फटकून वागणाऱ्या. त्यामुळे ४२ वाले तुकडे एकमेकांना बिलगतात, त्यांचे तंतू होतात आणि तंतूंचे पेशींबाहेर थर साचतात. काकवीच्या बरणीत तळाशी खडे धरू लागले की वरच्या पातळ काकवीतली साखर कमी होत जाते. तसंच इथे घडतं: मेंदूत जितका ४२ गोठतो, तितका द्रवात उतरायला कमी उरतो.

पण काही माणसांत मुळातच सगळं अमायलॉइड कमी बनतं. त्यांचा एकटा ४२ पाहिला तर निरोगी माणूसही रुग्ण ठरेल. म्हणून ४२ ला ४० ने भागतात. ४० फारसा चिकटत नाही, तो मूळ उत्पादनाचा अंदाज देतो. हे गुणोत्तर एकट्या आकड्यापेक्षा कितीतरी भरवशाचं. ४२ इतका चिकट, की काही प्रकारच्या नळ्यांच्या भिंतींनाही धरून बसतो आणि आकडा खोटाच खाली येतो. त्यासाठी नमुना पॉलिप्रोपिलिनच्या नळीतच घेतात. सोबत टाऊ हे प्रथिनही मोजतात. पेशीच्या आतल्या वाहतूक-नळ्यांना आधार देणाऱ्या टाऊवर जादा फॉस्फेट चढतं, मग ते टाऊ सुटून त्याचे गुंते होतात, आणि द्रवात फॉस्फेटवाल्या टाऊचं प्रमाण चढतं. अमायलॉइड खाली आणि टाऊ वर, ही जोडी अल्झायमरकडे बोट दाखवते.

पेट (PET) स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी रसायन टोचून काढलेलं मेंदूचं चित्र, अमायलॉइडचे हेच थर थेट दाखवतो. त्यासाठीचं सुरुवातीचं रसायन, पिट्सबर्ग कंपाउंड बी, कार्बन-११ वर बेतलेलं होतं. त्याचं अर्धआयुष्य (निम्मं संपायला लागणारा वेळ) २० मिनिटं, म्हणजे दोन तासांत चौसष्टावा हिस्सा उरतो. ज्या गावात सायक्लोट्रॉन (कार्बन-११ बनवणारं यंत्र), तिथेच तपासणी. नंतरची फ्लोरिन-१८ ची औषधं ११० मिनिटांच्या अर्धआयुष्याची आहेत, त्यामुळे ती थोडी लांब नेता येतात. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी निगडित मेंदूचा भाग आक्रसलेला दिसतो, पण तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. अमायलॉइड साचू लागतं ते विसरण्याच्या १५-२० वर्षं आधी.

यावरूनच कुणी ‘चाळिशीत स्कॅन करून घ्या’ म्हणत असेल तर त्याचं ऐकू नये. सत्तरी ओलांडलेल्या, बुद्धी शाबूत असलेल्या अनेकांच्या मेंदूतही हे थर सापडतात. दुसऱ्या टोकाला, आज्जी मुलालाच ओळखेना म्हणून करणी झाली समजून अंगारे-धुपारे करण्यात वर्ष घालवणारी घरंही आहेत. त्या वर्षात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त अशी उपचार होण्याजोगी कारणं हातची निसटतात. ती तपासायला साधं रक्त आणि सीटी स्कॅन पुरतो. पाठीतलं पाणी आणि पेट नंतर.

त्याही आधी स्मरणशक्तीची तोंडी चाचणी होते, आणि आपल्या मराठी-कन्नड सीमाभागात घोळ तिथेच होतो. शंभरातून सात-सात वजा करायला किंवा तीन शब्द लक्षात ठेवायला कन्नडमधून सांगितलं, तर जन्मभर मराठीत हिशेब केलेली खानापूरची आज्जी अडखळणारच. अशा वेळी गुण आजारामुळे कमी आले की भाषेमुळे, हे कळत नाही. बाजारात ती कन्नड सफाईने बोलते, हे पुरेसं नाही. दोन भाषा येणं तिच्या फायद्याचंच आहे: हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विभाषिकांमध्ये स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांमध्येही. पण चाचणी घरातल्या भाषेतच हवी. सोबत गेलेल्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं, आणि मराठी जाणणारं कुणी नसेल तर चाचणीचे प्रश्न दुभाष्याकडून विचारून घ्यावेत. मात्र उत्तरं आज्जीलाच देऊ द्यावीत.