पार्श्वभूमी: निळी गोळी आणि सॉर्बिट्रेट एकत्र का चालत नाहीत

मी कोपरखैरण्याला एका मेडिकलच्या काउंटरवर बरीच वर्षं उभा आहे, आणि एक गोष्ट सतत दिसते. ओळखीतला माणूस हार्टच्या, बीपीच्या गोळ्या आमच्याकडून नेतो, चिठ्ठी ठरलेली, कधी बायको येते कधी मुलगा येतो, पण "ती" निळी, ताठरतेसाठीची व्हायग्रासारखी गोळी हवी असेल तर तोच माणूस ट्रेन पकडून ठाण्याला जातो आणि स्टेशनबाहेरच्या अनोळखी दुकानातून घेतो. तिकडचे लोक तसेच आमच्याकडे येतात, नाव घेत नाहीत, नुसतं पाकिटाकडे बोट. म्हणजे एकाच माणसाच्या दोन गोळ्या दोन दुकानांतून, आणि दोन्ही दुकानदारांना अर्धीच गोष्ट माहीत. आता हार्टची सॉर्बिट्रेट आणि ही निळी, या दोन गोळ्यांचं एकमेकींशी काय वाकडं आहे ते समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१८४७ साली इटलीत अस्कानियो सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरीन बनवलं. ते चाखून पाहिलं की डोकं भयंकर ठणकायचं, कारण रक्तवाहिन्या सैल पडायच्या, पण ते कारण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे आल्फ्रेड नोबेलने त्याच पदार्थापासून डायनामाइट काढलं. १८६७ मध्ये लॉडर ब्रंटन या डॉक्टरने अमाइल नायट्राइट हुंगायला दिल्यावर छातीतली कळ थांबते असं लिहिलं आणि १८७९ मध्ये विल्यम मरेलने नायट्रोग्लिसरीनच त्यासाठी वापरलं. १८९६ मध्ये खुद्द नोबेलला हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिलं. आपल्या घरात आजोबांच्या खिशात, देव्हाऱ्याशेजारच्या डबीत जी सॉर्बिट्रेट असते, जिभेखाली ठेवायची, ती याच नायट्रेट घराण्यातली.

पण हे काम कसं करतं ते कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवलं की या औषधातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, पुढच्या दहा वर्षांत रॉबर्ट फर्चगॉट आणि लुईस इग्नारो यांच्या कामातून कळलं की आपल्या रक्तवाहिन्या हाच वायू स्वतःही तयार करतात. या वायूमुळे पेशीत सीजीएमपी नावाचा निरोप्या वाढतो आणि वाहिनी सैल होते. काम झालं की पीडीई-५ हे एन्झाइम त्या निरोप्याला मोडून टाकतं.

आता इंग्लंडमधलं सँडविच गाव. फायझर या औषध कंपनीचे लोक तिथे १९८०च्या दशकाच्या शेवटी छातीच्या कळेवरच औषध शोधत होते, ताठरतेचा विषयही डोक्यात नव्हता. त्यांनी पीडीई-५ ला अडवणारं सिल्डेनाफिल काढलं. हृदयासाठी ते फार कामाचं निघालं नाही, पण चाचणीतले पुरुष वेगळाच परिणाम सांगायला लागले, मग दिशाच बदलली आणि २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत त्याला व्हायग्रा या नावाने परवानगी मिळाली, हीच ती निळी गोळी. मुराद, फर्चगॉट, इग्नारो यांना नोबेल पारितोषिक मिळालं तेही त्याच वर्षी.

म्हणजे बघा, दोन्ही औषधं एकाच रस्त्यावरची. सॉर्बिट्रेट म्हणजे नळ पूर्ण सोडायचा, निळी गोळी म्हणजे मोरीच्या तोंडाला बोळा लावायचा. एकेकटं असेल तर शरीर सांभाळून घेतं, पण दोन्ही एकदम झालं की सीजीएमपी तुंबतो, सगळ्या अंगातल्या वाहिन्या सैल पडतात आणि बीपी असं कोसळतं की माणूस जागेवर पडतो, हृदयालाच रक्त कमी पडतं, जीवही जातो. नायट्रेटबरोबर नको ही सूचना गोळीवर पहिल्या दिवसापासून होती. तरी मृत्यूच्या नोंदी आल्याच, नोव्हेंबर १९९८ मध्ये इशारे आणखी कडक झाले. मग डॉक्टरांमध्ये नियम रुळला, सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास नायट्रेट द्यायचं नाही. २००३ मध्ये टाडालाफिल हे त्याच जातीचं दुसरं औषध अमेरिकेत आलं, ते अंगात खूप जास्त वेळ राहतं, म्हणून तिथे ४८ तास. छातीच्या कळेवरचं निकोरँडिलही निळीबरोबर न चालणाऱ्यांच्या यादीत, आणि पार्टीत हुंगतात ते पॉपर्सही, ते तर ब्रंटनच्याच औषधाचे भाऊबंद.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. १९७० च्या कायद्यामुळे २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, त्यामुळे २००१ च्या आसपासच भारतीय कंपन्यांच्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या बाजारात आल्या, स्वस्त आणि गल्लोगल्ली. फायझरचा स्वतःचा कारखाना इथे ठाणे-बेलापूर रोडला तुर्भ्यात होता, पण त्यांची व्हायग्रा भारतात आली ती नंतर काही वर्षांनी. तोवर लोकांना सवय लागून गेली होती. कायद्याने ही चिठ्ठीवरचीच गोळी आहे, पण चिठ्ठीसाठी डॉक्टरसमोर हे बोलायचं कोणी, हा प्रश्न. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ताठरता कमी होणं ही पुष्कळदा हृदयाच्या वाहिन्या आखडायला लागल्याची आधीची खूण असते, शुगरवाल्यांत तर जास्तच. म्हणजे ज्याला ही गोळी हवीशी वाटते त्यालाच पुढे सॉर्बिट्रेट लागायची शक्यता जास्त.

बाकीच्या गोळ्यांचं इतकं टोकाचं नाही, पण आहे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्याला ही गोळी दिली तर उठताना भोवळ येऊ शकते, म्हणून आधी ती गोळी अंगवळणी पडू देतात आणि मग ही अगदी कमी डोसने सुरू करतात. आणि आपल्याकडच्या दमट हवेत एक खास गोष्ट, गजकर्णासाठी लोक महिना महिना इट्राकोनॅझोल खातात, ते लिव्हरमधलं सिल्डेनाफिल मोडणारं एन्झाइम अडवतं, मग ५० मिलिग्रॅमची गोळी अंगात त्याहून बरीच मोठी होऊन बसते. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. एचआयव्हीच्या उपचारातल्या रिटोनाविरने तर रक्तातलं प्रमाण ११ पट होतं, तिथे ४८ तासांत २५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं.

सगळ्यात जास्त भीती मला बिननावाच्या "पॉवर"च्या कॅप्सूलची वाटते. असल्या जाहिरातींवर १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, तरी भिंतींवर चिकटवलेल्या दिसतात. जडीबुटी म्हणून विकलेल्या असल्या मालात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गुपचूप मिसळलेलं वेगवेगळ्या देशांच्या तपासण्यांत वारंवार सापडलंय. घेणारा मनापासून सांगतो, मी कुठली इंग्लिश गोळी घेतली नाही, आणि तो खोटं बोलत नसतो.

मागच्या पावसाळ्यात एक काका आले, साठीचे, खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी, आणि हळूच ती निळी मागितली. मी दिली नाही, बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या दिवशी हार्टची गोळी नाही घेतली तर?" मी म्हटलं, "काका, हार्टची गोळी स्वतःहून थांबवायची नाही, आणि तुमच्या खिशात ही पट्टी आहे तोवर निळी घ्यायचीच नाही. रात्री छातीत दुखलं तर तुम्ही काय जिभेखाली ठेवणार? १०८ वाले आले तर ते काय देणार?" ते गप्प झाले. मग मी म्हटलं की डॉक्टरांना विचारा, नायट्रेटऐवजी दुसरं काही चालतं का ते तेच ठरवतील, दुसरे उपायही असतात, आणि कधी चुकून घेतलीच असेल तर दवाखान्यात पहिलं वाक्य तेच बोला, कुठली गोळी आणि किती वाजता. काकांनी खिशातून पेन काढलं आणि सॉर्बिट्रेटच्या पट्टीमागे "निळी नाही" असं लिहून घेतलं.