अपेक्षेचे गणित आणि फोनकडे जाणारा हात

'डोपामिन उपवास' नावाचा एक उपाय समाजमाध्यमांवर मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. एक दिवस, जमल्यास आठवडाभर, फोन, संगीत, आवडते पदार्थ, इतकेच काय पण गप्पाही बंद ठेवायच्या, म्हणजे मेंदूत साठलेले डोपामिन ओसरते आणि इंटरनेटची ओढ सुटते, असा त्यामागचा दावा आहे. हा दावा दोन गैरसमजांवर उभा आहे. डोपामिन हे आनंदाचे रसायन आहे हा पहिला, आणि ते साठून राहते व रिकामे करता येते हा दुसरा. वास्तविक मेंदूतील ठरावीक चेतापेशी डोपामिन सतत तयार करत असतात. त्याचा खरोखर तुटवडा झाला तर काय होते, हे पार्किन्सनच्या आजारात दिसते: या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या रुग्णाला साधी हालचाल सुरू करणेही जड जाते. आनंदाविषयी म्हणावे, तर मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामिन जवळजवळ पूर्ण नाहीसे झालेले उंदीर स्वतःहून अन्नाकडे फिरकत नसत, पण त्यांच्या तोंडात गोड द्रावण घातले की त्यांच्या चेहऱ्यावर गोडीची नेहमीचीच प्रतिक्रिया उमटे. आवड शाबूत होती, नाहीशी झाली होती ती ओढ. इंटरनेटच्या सवयी सुधारू इच्छिणाऱ्याने या ओढीचे गणित समजून घ्यायला हवे, कारण उपाय त्या गणितातूनच निघतात.

हे गणित उलगडले ते चेताशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतून. माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन चेतापेशींचे विद्युत स्पंद ते बारीक इलेक्ट्रोडच्या साहाय्याने नोंदवत होते. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशींचे स्पंद एकदम वाढत. मग प्रत्येक थेंबापूर्वी एक खूण, म्हणजे दिवा किंवा आवाज, ठेवण्यात आली. काही काळाने माकड ती खूण ओळखू लागले, आणि तेव्हा जे घडले ते मला चेताविज्ञानातील सर्वांत देखण्या निरीक्षणांपैकी एक वाटते: पेशी आता खूण दिसताच उसळत, आणि प्रत्यक्ष रस मिळताना मात्र शांत राहत. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचे स्पंद नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी 1997 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा अर्थ मांडला. डोपामिनचा हा संकेत बक्षीस किती आहे हे सांगत नाही. जे मिळाले आणि जे अपेक्षित होते, त्यांतील फरक तो सांगतो. हा फरक म्हणजे अपेक्षेची चूक, आणि मेंदू या चुकीतून शिकतो.

थोडी आकडेमोड केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. बक्षिसाचे मूल्य 1 आणि सुरुवातीची अपेक्षा 0 धरू. प्रत्येक वेळी मेंदू चुकीच्या एकपंचमांशाइतकी आपली अपेक्षा सुधारतो असे मानू. पहिल्या वेळी चूक 1, म्हणून नवी अपेक्षा 0.2. दुसऱ्या वेळी चूक 0.8, म्हणून अपेक्षा 0.36. तिसऱ्या वेळी ती 0.488 होते, आणि दहाव्या बक्षिसानंतर सुमारे 0.89. बक्षीस दर वेळी नेमाने मिळत राहिले, तर चूक शून्याकडे सरकते आणि त्याचे अप्रूप संपते. आता हेच बक्षीस कसलाही क्रम न ठेवता, सरासरीने दोनदांतून एकदा द्यावे. अपेक्षा 0.5 च्या आसपास घुटमळत राहते. मिळाले तर चूक साधारण अधिक 0.5, न मिळाले तर उणे 0.5. ही चूक कितीही काळ गेला तरी मिटत नाही, कारण शिकण्याजोगा नियमच तेथे नाही. क्रिस्तोफर फिओरिलो, फिलिप टोबलर आणि शुल्ट्झ यांनी 2003 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: खूण आणि बक्षीस यांच्या मधल्या प्रतीक्षेतही या पेशींचे स्पंद हळूहळू चढत जातात, आणि बक्षिसाची शक्यता बरोबर 50 टक्के असते, म्हणजे अनिश्चितता कमाल असते, तेव्हा ही चढण सर्वाधिक असते.

अनियमित बक्षिसाचा वर्तनावरील परिणाम त्याआधीच ठाऊक होता. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरील आपले प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केले. बटणावर चोचीने ठरावीक टोचण्या मारल्यानंतर दाणा मिळणारे कबूतर दाणा मिळाल्यावर थोडे थांबते. किती टोचण्यांनंतर मिळेल हे अनिश्चित असेल, तर ते जवळजवळ न थांबता टोचत राहते, आणि दाणे बंद झाल्यावरही बराच वेळ सोडत नाही. त्याच्या अनुभवात रिकामी टोचणी ही नवी बातमी नसते.

फोनमध्ये अशा अनिश्चिततेचे दोन वेगळे प्रकार असतात, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे सवयींविषयीचा बराचसा सल्ला निरुपयोगी ठरतो. पहिला प्रकार संदेशांचा. समजा, आपल्याला सरासरी दर 20 मिनिटांनी एक संदेश येतो, पण त्याची वेळ कधीच सांगता येत नाही. जो दर 14 मिनिटांनी फोन पाहतो त्याला संभाव्यतेच्या गणिताप्रमाणे सुमारे 50 टक्के वेळा काहीतरी नवे सापडते. म्हणजे नकळत तो कमाल अनिश्चिततेच्या बिंदूवर जाऊन बसलेला असतो. जो दोन तासांनी पाहतो त्याला सुमारे 99.8 टक्के वेळा काहीतरी सापडतेच. संदेश तेवढेच, पण 'आले असेल का' हा प्रश्नच उरत नाही. उरते ती केवळ त्यांत काय असेल याची उत्सुकता. ठरावीक वेळी संदेश पाहण्याची सवय संयमाची परीक्षा वाटते, पण तिचे बळ या नियमिततेत आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीन वेळा एकत्रित मिळत होती त्यांना अधिक बरे वाटले, तर ज्यांची नोटिफिकेशन पूर्ण बंद होती त्यांच्यात काही तरी निसटत असल्याची चिंता वाढली. आवाज बंद करून फोन हाताशी ठेवणारा माणूस आता कोणत्याही क्षणी पाहावे लागेल अशा स्थितीत जातो, आणि 'सगळे बंद' हा कडक उपाय म्हणूनच उलटतो.

दुसरा प्रकार अखंड सरकत जाणाऱ्या पानांचा. येथे काहीतरी सापडणार हे निश्चितच असते. पुढचे चित्र किंवा व्हिडिओ चांगला निघेल की टाकाऊ, हे अनिश्चित असते. त्यामुळे कितीही अंतराने पाहिले तरी ही अनिश्चितता कमी होत नाही. शिवाय अशा पानांना शेवट नसतो. 2006 मध्ये एझा रास्किन यांनी ही अखंड स्क्रोलची रचना घडवली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पूर्वी पान संपले की पुढच्या पानाचे बटण दाबावे लागे, आणि त्या क्षणात थांबायचे की नाही हा विचार डोकावत असे. तो क्षण परत आणणे हाच येथे उपाय: व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करणे, ॲप काढून तीच सेवा ब्राउझरमधून दर वेळी लॉगिन करून वापरणे, दर वेळी बाहेर पडणे. अडथळा दहा सेकंदांचा असला तरी पुरतो, कारण हात सवयीने चालत असतो आणि सवयीला वाटेत निर्णय घ्यावा लागला की तिची लय तुटते.

हे सारे माकडांपुरते असेल, अशी शंका रास्त आहे. माणसांच्या मेंदूच्या एमआरआय अभ्यासांत स्ट्रायटम या भागात अपेक्षेच्या चुकीचा असाच संकेत 2003 पासून दिसत आला आहे, आणि 2021 मध्ये 4,000 हून अधिक लोकांच्या दहा लाखांहून अधिक पोस्टचा अभ्यास झाला, तेव्हा लाइक मिळण्याचा वेग वाढला की पुढची पोस्ट लवकर येते, हा बक्षिसातून शिकण्याचा नमुना त्यांतही आढळला. 

नवी सवय 21 दिवसांत लागते, हे मात्र निव्वळ ऐकीव आहे. हा आकडा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या, बदललेल्या शरीराशी रुग्ण किती दिवसांत जुळवून घेतात याविषयीच्या निरीक्षणातून आला, आणि पुढे त्यांच्या मूळ विधानातील 'किमान' हा शब्द गळून त्याला मंत्राची कळा आली. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 जणांवर केलेल्या अभ्यासात, जो 2010 मध्ये छापून आला, वर्तन आपोआप घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधला आकडा, 66 होता, आणि व्यक्तीव्यक्तींतील पल्ला 18 ते 254 दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्यामुळे तीन आठवड्यांनी जमले नाही म्हणून हताश होणाऱ्याने कुठलाही नियम मोडलेला नसतो.

जुनी सवय मात्र पुसली जात नाही. बक्षीस बंद झाल्यावर सुरुवातीला प्रयत्न अनेकदा उलट वाढतात, आणि पहिल्या दिवसांत फोन पूर्वीपेक्षा अधिक खुणावतो तो याच नियमाने. पुढे ओढ मंदावली, तरी मेंदूत जुन्या शिकवणीवर केवळ नवी शिकवण चढलेली असते, आणि ती नवी शिकवण जेथे घेतली त्या परिस्थितीशी अधिक बांधलेली असते. म्हणून टेबलावर जमलेला नियम बिछान्यात कोलमडतो. झोपण्याच्या खोलीसाठी तो वेगळा शिकावा लागतो, आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला, तर शिकण्याचे बरेचसे काम वाचते.