दिव्यांग न्याय आणि न्यूरोविविधता : खानदेश

अपंगत्वाचा प्रश्न जात, जमात, लिंग, मजुरी, भाषा आणि हवामान यांच्यापासून वेगळा काढून सोडवता येत नाही, असे मानणारी विचारधारा व चळवळ म्हणजे दिव्यांग न्याय. २००५ च्या सुमारास अमेरिकेत पॅटी बर्न, मिया मिंगस, स्टेसी मिलबर्न, लिरॉय मूर आदी गोऱ्या नसलेल्या अपंग कार्यकर्त्यांनी ती मांडली. हक्कांचे कायदे झाले. पण गरीब, स्थलांतरित, वर्णभेद सोसणारे अपंग त्या कायद्यांच्या दारापर्यंतही पोचत नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. न्यूरोविविधतेचा विचार त्याच्या थोडा आधीचा. स्वमग्नता (ऑटिझम), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण), एडीएचडी (लक्ष टिकण्यातील अडचण व अतिचंचलता) यांना बिघाड न मानता मेंदूच्या घडणीतले वेगळेपण मानावे, असा तो विचार. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने पालकांना उद्देशून ‘आमच्यासाठी शोक करू नका’ असे म्हटले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस या विचाराला नाव मिळाले.

भारतात या दोन्ही विचारांना कायद्याचा आधार मिळाला तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे. १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांऐवजी त्यात २१ प्रकार आले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया इत्यादी) आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ही नावे तेव्हा यादीत आली. एडीएचडी आजही यादीबाहेर आहे. जात, लिंग आणि अपंगत्व एकाच व्यक्तीवर एकदम कसे आघात करतात, याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पटन जमाल वली खटल्यात केला. अनुसूचित जातीतील एका अंध स्त्रीवरील बलात्काराचा तो खटला होता.

खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारमधील सुमारे ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे या भागात दिव्यांग न्याय म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते या आजारात.

सिकलसेलमध्ये तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगात पाणी कमी झाले, ताप आला, अतिश्रम झाले की हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा सुरू होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. कुबडी नाही, काठी नाही. शिक्षकाला पोर आळशी वाटते, मुकादमाला मजूर कामचुकार वाटतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या तालुक्यांतून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत, सुरत-बारडोलीच्या बाजूला जातात. हिशेब कोयत्याचा असतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांपैकी एकाला कळा सुरू झाल्या की कोयता बसतो, पण घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, तशीच राहते आणि पुढच्या हंगामावर चढते. इथे आजार आणि कर्ज वेगळे करता येत नाही. फक्त गोळ्या वाटणारी योजना इथे अपुरी पडते, कारण रुग्णाला विश्रांती हवी असते आणि विश्रांतीची मजुरी कुणी देत नाही.

कायद्यातही एक फट आहे, आणि ती खानदेशाला फार जाचते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या सिकलसेल विद्यार्थ्याला उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळू शकतो. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणात मात्र अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि यांतील बहुविकलांगता एवढेच गट आहेत. रक्ताचे आजार त्यात नाहीत. म्हणजे ज्या कागदाने पदवीपर्यंत साथ दिली, तोच कागद नोकरीच्या अर्जात निरुपयोगी ठरतो. ही तरतूद बदलली पाहिजे.

सिकलसेलचा भार बाईवर जास्त पडतो. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे आजाराचे जनुक एकाच पालकाकडून आलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. तरीही तपासणीत मुलगी वाहक निघाली की ठरलेली सोयरीक मोडू शकते, आणि आजारी मूल झाले की बोल आईला लागतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवर मोठा भर आहे. तपासणीच्या जोडीला समुपदेशन नसेल तर हातात आलेले तपासणीच्या निकालाचे कार्ड मुलीच्या विरोधातच वापरले जाते.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, यांसाठी जिल्हा रुग्णालयात, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ला, जावे लागते. धडगावकडून तळोद्याच्या बाजूला उतरणारा चांदसैली घाट पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडतो. काही पाड्यांवरून तर रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. एसटीत ४० टक्क्यांवरील दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण त्यासाठी आधी पाड्याजवळ एसटी यावी लागते.

न्यूरोविविधतेचा प्रश्न खानदेशात सर्वांत आधी भाषेपाशी अडतो. एखाद्याची स्वमग्नता किती आहे हे ठरवण्यासाठी भारतात ४० मुद्द्यांची मूल्यमापन पट्टी वापरतात. एकूण गुण ७० पेक्षा कमी आले तर स्वमग्नता नाही असे धरतात. तिच्यातील एक भाग बोलण्याचा व संवादाचा आहे. पण घरात अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारे मूल तपासणाऱ्याच्या पुस्तकी मराठीपुढे गप्प बसते. ‘तुला पाणी हवंय का?’ या प्रश्नाला उत्तर न देणारे पोर घरी आईजवळ ‘माले पानी दे’ म्हणत असते. उलटही घडते. ‘आदिवासी पोर आहे, बुजतंय’ असे म्हणून खरोखर स्वमग्न असलेल्या मुलाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे : मुलाची भाषा येणारा माणूस तपासणीच्या टेबलाजवळ हवा. गावची आशा सेविका हे काम उत्तम करू शकते.

आश्रमशाळेची रचना अशा मुलाला आणखी अवघड जाते. एका हॉलमध्ये ओळीने गाद्या, पत्र्यावर वाजणारी घंटा, जेवणाच्या वेळी शेकडो ताटांचा खणखणाट. आवाज सहन न होणारे मूल कानांवर हात ठेवते, पळून जाते, आणि त्याच्यावर पळपुटा असा शिक्का बसतो. नियमाप्रमाणे परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळू शकतो, पण डिस्लेक्सियाची तपासणीच झाली नसेल तर तो मागणार कोण?

फिट येणे, अचानक वागणूक बदलणे, गावात कुणी आजारी पडणे याचा दोष सातपुड्यात अजूनही एखाद्या बाईवर ‘डाकीण’ म्हणून टाकला जातो. एकट्या राहणाऱ्या, विधवा बाया त्यात जास्त सापडतात आणि पुष्कळदा जमिनीचा वाद त्यामागे असतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. तालुक्याला मानसोपचार मिळणे आणि बाईच्या नावे सातबारा असणे, या दोन्ही गोष्टी डाकीण प्रथेविरुद्धच्या लढ्याचाच भाग आहेत.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला दुखापतीच्या खालच्या भागात पुरेसा घाम येत नाही, सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडले की कळा सुरू होतात, काही मनोविकारांच्या औषधांनी उष्णता सहन होत नाही. उष्माघात कृती आराखड्यात अशा लोकांची घरनिहाय यादी असायला हवी.

खानदेशातील संस्थात्मक कामात जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा प्रकल्प ठळक आहे. तेथे दिव्यांग तरुण निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. बाकी काम विखुरलेले आहे. स्वमग्न व्यक्तींच्या बाजूने बोलतात ते बहुतेक पालक आणि विशेष शिक्षक. स्वमग्न प्रौढांचा स्वतःचा आवाज इथे अजून उमटलेला नाही. न्यूरोविविधतेच्या चळवळीवर जगभर एक आक्षेप आहे, की ती बोलू-लिहू शकणाऱ्यांची आहे आणि रात्रंदिवस आधार लागणाऱ्या मुलांचे आई-बाप तिच्यात हरवतात. तो आक्षेप खानदेशात अधिकच खरा आहे, कारण इथे तो आधार म्हणजे शेतातली मजुरी बुडवून घरी थांबलेली आई असते.

हाताशी असलेले एक साधन मात्र फारसे वापरले जात नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे राज्यात बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती दिवाळीला थोडीथोडी वाटून संपते. सातपुड्यातील ग्रामपंचायतींचे स्वउत्पन्नच तुटपुंजे असल्याने तिथे ५ टक्क्यांचा आकडा नाममात्र उरतो. म्हणूनच हा निधी आदिवासी विकास विभागाच्या तरतुदीशी जोडावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत वाचून दाखवावा.